सरूमावशीची पंगत

आमच्या घरी गवत कापायचं यंत्र आलं तेव्हा सगळ्या वाडीला एकच कोडं पडलं होतं, की मग आता शेळ्यांनी काय करायचं?

यंत्र आणलं होतं मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. पुण्याच्या कँपात कुणी साहेब बंगला मोडून विलायतेला चालला होता आणि त्याच्या सामानाचा लिलाव होता. मामंजी गेले होते कोर्टाच्या तारखेला, आणि बैलगाडीत घालून आणलं हे. पुढे पात्यांचा रूळ, मागे दोन लांब दांड्या आणि मध्ये हंड्याएवढं इंजिन. साहेब त्याने बंगल्यापुढची हिरवळ भादरायचा म्हणे. आमची वाडी हिर्डोशीच्या वाटेवर, नीरेच्या काठाला. तिथे कापायला विळा, चरायला गुरं. गवत मुद्दाम वाढवून पुन्हा ते इंजिनाने कापणारी माणसं जगात असतील, यावर कुणाचा विश्वास बसेना.

मामंजींच्या डोक्यात मात्र भलतंच होतं. पाती काढून टाकायची, इंजिनाला पंप जोडायचा आणि नदीचं पाणी काठावर चढवायचं. काठाला त्यांनी लिंबाची आणि पेरूची कलमं लावली होती. पाऊस होता तोवर ती मजेत असत. दिवाळी सरली की माना टाकत. बैलजोडी एकच. ती शेताला जुंपावी की मोटेला, यावर घरात दर साली महाभारत व्हायचं.

बेत झकास होता. इंजिन सुरू होत नव्हतं, एवढंच.

मी सून म्हणून आले तेव्हा ते गोठ्यात पडून होतं आणि त्याच्या, कापलेलं गवत साठवायच्या पेटीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी नसरापूरची. नसरापूर म्हणजे सडकेवरचं गाव. मोटारी मी रोज बघितलेल्या, वर चौथी पास. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला मोठी जाणकार समजत होते. इंजिनाभोवती एक चक्कर मारली आणि पदर सावरून सांगून टाकलं, "ह्याला भोंगा न्हाई. आमच्याकडच्या समद्या गाड्यांना असतो. म्हनून चालत नसंल." मामंजी हसले नाहीत. ते खरंच भोरला जाऊन भोंगा मिळतो का विचारून आले. तिथली माणसं मात्र हसली. सासरी माझ्या शब्दाला जो काही मान होता, तो त्या एका खेपेत खर्ची पडला.

त्याच भाद्रपदात सरूमावशी आली.

उंच, काळी, कासोटा पोटरीवर घट्ट ओढलेला, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. एका हातात बोचकं, दुसऱ्या हातात हत्यारांचा पत्र्याचा डबा. अंगणात येऊन उभी राहिली, आणि राम राम नाही, पाणी नाही, थेट म्हणाली, "इंजिन हाय म्हनं तुमच्यात."

"हाय," मामंजी म्हणाले. "मिस्त्री कुठंय?"

"मिस्त्री ममईत. हितं म्या हाय."

तिचं माहेर वेल्ह्याकडचं आणि सासर भोरात. नवरा तिथल्या एका भातगिरणीत इंजिनवाला होता. तो मुंबईला म्हणून गेला आणि तिथे त्याला करमलं. एकट्याला करमलं नसावं, असं लोक म्हणत. पण हंगाम ऐन भरात, आणि नवऱ्याच्या हाताखाली राहून बाईला इंजिन येत होतं. गिरणीमालकाने सोयीस्कर डोळे मिटले. गिऱ्हाइकाने बाहेरून "मिस्त्री हाय का?" अशी हाक मारली, की मावशी आतून पुरुषी आवाजात खाकरायची. दोन हंगाम भोर संस्थानाचं भात तिच्या खाकरण्यावर भरडलं गेलं. मग मालकाचा भाचा इंजिन शिकून आला आणि मावशीची गिरणीही गेली आणि गिरणीमागची खोलीही.

"कुंकू एवढं लावतीस, आन् नवरा तर..." आमच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी खडा टाकून बघितला.

"त्यो जिता हाय न्हवं, वैनी? मग का पुसू? इंजिन बंद पडलं म्हून कुनी धुराडं काढून टाकतंय व्हय?"

मामंजींनी अट घातली ती सगळ्यांदेखत. नदीकाठच्या खोपटात राहावं, आमच्यात जेवावं, इंजिन खोलावं. दसऱ्याला पाणी चढलं तर खोपट तिचं आणि इंजिनही तिच्या हवाली. नाही चढलं तर दुसऱ्या दिवशी भोरचा भंगारवाला यायचाच होता. लढाई सुरू झाल्यापासून लोखंडाला भलताच भाव आला होता. "मंग इंजिन त्येच्या वाटंनं, आन् तुमी तुमच्या."

"मला वाट हाय कुठं, आबा?" मावशी म्हणाली. "एक भाऊ हाय. त्याच्याकडं गेले की भावजय मान वर करत न्हाई, परातीत बघून पीठ मळती." हे ती हसत म्हणाली आणि डबा उचलून खोपटाकडे चालू लागली. पण त्या दिवसापासून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, की या बाईचं छप्पर त्या हंड्याएवढ्या इंजिनावर टेकलेलं आहे.

मला तिच्या हाताखाली दिलं, कारण स्वयंपाकघरात माझा उपयोग नव्हता. माझ्या भाकरीला सासूबाई "नसरापूरचा नकाशा" म्हणत.

मावशीची काम करायची एक रीत होती. ती खोपटापुढे घोंगडी अंथरायची. इंजिनातून पहिला निघालेला भाग डावीकडे, मग दुसरा, मग तिसरा, अशी सगळ्यांची रांग. तिला ती 'पंगत' म्हणायची. बारीकसा वायसरसुद्धा आपल्या पाटावरच बसला पाहिजे. जो शेवटी बसला तो आधी उठणार, म्हणजे जोडताना उजवीकडून उचलत यायचं. मधूनच कुणी उठायचं नाही, जागा बदलायची नाही.

"आन् मधीच एखादं खाली पडलं तर?" मी विचारलं.

"तर तू बी उपाशी, म्या बी उपाशी. हुडकल्याबिगर जेवान न्हाई."

एकदा एक नट हरवला तेव्हा आम्ही उन्हं कलेपर्यंत गवत चिवडत होतो. तो माझ्या पायातल्या जोडव्यात अडकलेला निघाला. त्यानंतर मावशी कामाला बसताना मला आधी झटकून घ्यायची, चटई झटकतात तशी.

इंजिनाचे भाग मला समजावून द्यायला तिच्याकडे पुस्तक नव्हतं, पण समोर आमचं मोठं खटल्याचं घर होतं. नळकांड्यात वरखाली होणारा दट्ट्या म्हणजे जावई: "येतंय जातंय, आन् त्याला सारखं तेल पायजे." ठिणगी टाकणारा प्लग म्हणजे सासू. हे तिने सासूबाईंच्या समोर सांगितलं आणि वर म्हणाली, "सासू न्हाई तर घर पेटत न्हाई, वैनी," तेव्हा सासूबाईंना ते कौतुकच वाटलं. आणि वरच्या दोन झडपा, एक तेलाची वाफ आत घेणारी आणि एक धूर बाहेर सोडणारी, त्या दोन जावा. "एकीनं त्वांड उघडलं की दुसरीनं मिटायचं. दोघींनी एकदम उघडलं की घर बुडालं." जाऊबाई आणि मी दोघीही तिथेच बसलो होतो. त्या दिवसापुरतं आमच्या घरात फार शांत वाटलं.

इंजिनाचं सगळं काम ती चार शब्दांत सांगायची, बोटांनी हवेत चक्र फिरवत: "घ्येतंय, दाबतंय, भडकतंय, सोडतंय. बाईचा जल्म हाय, ध्यानात ठेव." मी ते कधी विसरले नाही. इंजिनाच्याही बाबतीत आणि एरवीही.

तिचा कान हा तिचा मोठा अभिमान. "भोर संस्थानात माज्यावानी कान कुनाचा न्हाई," असं ती न विचारता सांगायची. आमचं लोखंडी उलथनं तिने स्वयंपाकघरातून उचललं ते उचललंच. त्याचं पातं यंत्रावर टेकवायचं, दांडा कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचे. असं तिने इंजिन ऐकलं, मग जातं ऐकलं, मग व्यायला झालेली म्हैस ऐकली, आणि एकदा सासूबाईंचा दुखरा गुडघाही ऐकला. "वंगान कमी पडलंय, वैनी. तूप खा," म्हणाली. सासूबाईंनी ते औषध मनापासून पाळलं.

हा कान नेहमीच खरा निघायचा असं मात्र नाही. मामंजींच्या भिंतीवरच्या घड्याळात काहीतरी कुरकुरतंय, असं तिला एकदा वाटलं. घड्याळ चांगलं चाललं होतं. तिने ते खोललं, पंगत मांडली, जोडलं, आणि पंगतीत दोन पाहुणे शिल्लक राहिले. "चालतंय न्हवं? मग ही साहेबानं वरकड घातली व्हती," असं म्हणून तिने ती दोन चाकं पानाच्या चंचीत टाकली. घड्याळ चालू राहिलं खरं, पण ठोके ते मनाला येईल तेव्हा आणि मनाला येतील तितके देऊ लागलं. मामंजींनी पुढे ठोक्यांकडे लक्ष देणं सोडलं. पाहुणे मात्र दचकत.

पण हे घड्याळाचं पुढचं. आधी दसरा गाठायचा होता.

तो सगळा पंधरवडा मावशी दट्ट्यात बसलेल्या गंजलेल्या रिंगा रॉकेलमध्ये भिजत घालून सोडवत होती. विलायतेचे सुटे भाग येणं बंद झालेलं. पंपाचा वायसर तिने फाटक्या मोटेच्या कातड्यातून कापला. झडपा आपापल्या बैठकीत घट्ट बसाव्यात म्हणून कुरुंदाची पूड तेलात कालवून त्या घासायच्या होत्या, तर तिने झडपेला लाकडाची दांडी जोडली आणि माझ्या हातात दिली. "ताक करतीस न्हवं? तसं." मी दिवसचे दिवस त्या कोरड्या ताकाला घुसळत राहिले. मग ती वरून रॉकेल ओतायची आणि खाली बोट धरायची. बोट ओलं झालं की, "घुसळ." एके दिवशी बोट कोरडं राहिलं. मावशीने ते बोट माझ्या गालाला पुसलं. आमच्यातली शाबासकी ती तेवढीच.

राहिली होती जोडणी. आत दोन दातेरी चाकं होती, एक लहान, एक मोठं. लहान चाक दट्ट्याच्या वरखालीबरोबर फिरतं, मोठं त्या दोन जावांची तोंडं उघडतं-मिटतं. दोघांचे कुठले दाते एकमेकांत बसतात यावर सगळं अवलंबून. एक दाता चुकला की जावई वर आणि जावांचा भलताच घोळ. खोलताना मावशीने खूण करून ठेवली होती. खडू टिकेना, कोळसा तेलात दिसेना, म्हणून तिने एरंडेलात कुंकू कालवून लहान चाकाच्या एका दात्यावर आणि मोठ्याच्या दोन दात्यांमध्ये ठसठशीत टिळा लावला होता.

खंडेनवमीच्या सकाळी ती पेट्रोल आणायला भोरला गेली. या इंजिनाला सुरू व्हायला घोटभर पेट्रोल लागायचं, मग रॉकेलवर चालायचं. जाताना मला बजावलं, "सगुणे, पंगत उठवायची न्हाई."

"न्हाई उठवत," मी गळ्याला हात लावून सांगितलं. आणि खरंच उठवली नाही.

खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. आमच्याकडे नांगर, कोयता, खुरपी, मापं, सगळी धुऊन-पुसून ओसरीवर मांडली होती. सासूबाईंचं लक्ष नदीकाठी गेलं. "इंजिन काय परक्याचं हाय? त्येला न्हाई व्हय पुजायचं?"

"आत्याबाई, मावशी म्हनल्यात, पंगत उठवायची न्हाई," मी म्हणाले.

"मग बसल्या पंगतीला लाव की कुंकू! पंगतीला बसल्यावर आपन लावत न्हाई व्हय?"

मला तर हा तोडगा फारच आवडला. सासूबाई, जाऊबाई, शेजारच्या दोघी आणि मी, आम्ही हळदीकुंकवाची ताटं घेऊन घोंगडीभोवती बसलो. सगळ्यांत नीट हात माझा, रांगोळीतला. म्हणून ती दोन दातेरी चाकं माझ्याकडे आली. मी एकेका दात्यावर एकेक टिळा दिला, आणि दोन दात्यांमध्येही. सगळे सारखे, मापात, एकही फिसकटलेला नाही. वर मागे सरून, मान तिरकी करून बघितलंसुद्धा. नववधूच्या मुंडावळ्यांसारखी दिसत होती चाकं. आधीचे दोन टिळे जरा ओबडधोबड होते, ते मी सारखे करून घेतले.

मावशी आली ती तिसऱ्या प्रहराला. पेट्रोलची बाटली कडेवर. झेंडू घातलेली पंगत बघून आधी कौतुकाने हसली. मग वाकली. लहान चाक उचललं, फिरवलं. मोठं उचललं, फिरवलं.

"चांगलं झालंय न्हवं, मावशी?" मी विचारलं. हो, मी विचारलं.

"लई चांगलं," ती म्हणाली. "देवाचा आशीर्वाद लई झालाय गं. त्यात माजा कुठला, त्येवडं सांग."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तोवर सासूबाई आल्या आणि पुसून टाकायची गोष्ट निघताच उसळल्या, "सनाचं कुंकू हाय! सवाशिणींनी लावलेलं! दसरा हुस्तवर बोट लावायचं न्हाई!" तसंही पुसून काय मिळणार होतं? पुसलं असतं तर सगळेच दाते सारखे झाले असते.

त्या संध्याकाळी मावशी जेवायला आली नाही. मी भाकरी घेऊन गेले, तर ती दोन्ही चाकं मांडीत घेऊन उंबऱ्यात बसली होती. मागे बोचकं बांधून ठेवलेलं दिसलं. मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. मी रडायला लागले. रडण्यात मी तेव्हाही पटाईत होते. काही कामाचं करायची वेळ आली की रडायचे.

"रडून दाते सापडत्यात व्हय?" मावशी म्हणाली. "जा. भावजयीला सांगावा धाडायचा झाला, तर तुजाच हात बरा. चौथी पास हायस."

दसऱ्याच्या दिवशी उजाडता उजाडता तिची हाक आली. "ए नसरापूर! ये हिकडं, जावा घिऊन ये!" मला वाटलं, जाऊबाईंना बोलावलंय. मी त्यांना झोपेतून उठवून ओढत नेलं. मावशीला घोंगडीवरच्या झडपा हव्या होत्या.

"ह्या बसल्या तरी चालंल," जाऊबाईंकडे बघत ती म्हणाली. "बगा दोघी बी. कुंकवाची खून गेली ना? जाऊ दे. दट्ट्या पार वर असताना एक घडी अशी येती, की धूर सोडनारी त्वांड मिटत आलीय आन् वाफ घेनारी उघडाया लागलीय. एकीचं संपतंय, दुसरीचं सुरू हुतंय. ती घडी हुडकायची. मंग दाते आपसूक सांगतील आपली जागा."

जाऊबाईंनी धूर सोडणाऱ्या झडपेवर बोट ठेवलं, मी वाफ घेणारीवर. मावशी एकेक दाता सरकवून चाकं बसवायची, हाताने फिरवायची. आम्ही ओरडायचो. "मिटलं!" "माजं अजून न्हाई उघडलं!" पुन्हा काढायची, एक दाता पुढे. हातांना कुंकू, लुगड्यांना कुंकू, मावशीच्या नाकाला कुंकू. ऊन अंगणात आलं, मामंजी दोनदा बघून गेले. आणि मग एका फेऱ्याला आमच्या दोघींच्या तोंडून एकदम निघालं, "मिटतंय!" "उघडतंय!" मावशीने डोळे मिटून घेतले. "बास," म्हणाली.

दुपारी सगळी वाडी काठावर. मावशीने चाकाला दोरी गुंडाळली, पाय रोवला आणि ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा असा काही बार झाला, की कोंबड्या थेट छपरावर, आणि धुराचा एक काळा गोळा सासूबाईंच्या नव्या लुगड्यावरून गेला. मी कुठे होते, ते मला मागाहून कळलं. मी नाचणीच्या शेतात, बांधापासून चांगली आतवर, कानांवर हात ठेवून उभी होते. इतक्या लांब पळून गेलेली दुसरी फक्त शेळी होती.

"चला," मामंजी खांदे पाडून म्हणाले. "प्रयत्न तर केलात, सरूबाई."

"थांबा, आबा." मावशीच्या चेहऱ्यावरून घाम आणि कुंकू एकत्र वाहत होतं. "भडकलं म्हंजे जितं हाय. सासूच येक फेरा चुकली. धाकलीचं, वाफ घेनारीचं, त्वांड उघडं असताना बोलली." झडपांची घडी तिने बरोबर पकडली होती, घाईत ठिणगीची घडी एका फेऱ्याने हुकली होती. तिने प्लगला वीज पुरवणारी ठिणगीची पेटी सोडली, एक फेरा फिरवून पुन्हा आवळली. बघणारे पांगायला लागले होते. दोरी ओढली.

इंजिन खोकलं, थांबतंयसं वाटलं, आणि लागलं की! टप, टप, टप, टप. पंपाच्या नळीतून आधी नुसता वारा आला, मग चिखल, मग एक भेदरलेला खेकडा, आणि त्याच्यामागे नीरेचं पाणी. मामंजी कलमांकडे जाणाऱ्या पाटात उभे होते; ते तिथेच खाली बसले, धोतरासकट.

"माज्या कुंकवानं चाललं!" सासूबाई म्हणाल्या.

"व्हय वैनी," मावशी म्हणाली. "तुमच्याच."

भंगारवाला दुसऱ्या दिवशी आला. त्याला मामंजींनी पात्यांचा रूळ आणि त्या दोन लांब दांड्या देऊन वाटेला लावलं. खोपटाला पत्र्याचं दार बसलं, आतून कडी आणि बाहेरून कुलूप. मावशीने किल्ली गळ्यात घातली, मंगळसूत्राच्या शेजारी.

पुढे कलमं वाढली, फळं धरली. आता ती बाग धरणाच्या पोटात आहे. आम्ही आयुष्यभर पाणी वर ओढत बसलो, शेवटी पाणीच आपणहून वर आलं. पण मधल्या काळात त्या बागेने आमची मुलं वाढवली, शिकवली. दोरी ओढायचीही मी शिकले. नाचणीच्या शेतातून परत यायला मला एक साल लागलं, पण आले. मावशीने मला पंगत मांडायला शिकवलं नसतं तर मी जन्मभर नुसते गोल टिळे काढत राहिले असते.

तिचा नवरा एकदा आला होता. पत्र्याची पेटी, कोट, केसांना तेल. मुंबईत काही फिसकटलं असावं. मामंजींशी अदबीने बोलला आणि मामंजीही पाघळले. "मालक आलाय, तर आता त्योच सांभाळील इंजिन. बाईमानसाला किती तरास." मी मावशीकडे बघितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. "चालवू द्या की," म्हणाली. "त्येनंच तर शिकवलंय मला."

त्याला पोटभर जेवू घातलं. मग सगळे काठावर आले आणि त्याने कोट काढून दोरी ओढली. ओढली, ओढली, ओढली. प्लग काढून बघितला, पेट्रोल बघितलं, हवा बघितली. मावशी शेजारी बसून पान लावत होती. दिवस कलला. वाडीतली पोरं हसायला लागली तेव्हा त्याने कोट घातला. "ह्ये इंजिन ऱ्हायलं न्हाई," म्हणाला, आणि मुक्कामाचं काढलंच नाही. त्याची पाठ वळणाआड गेली तशी मावशीने चंची उघडली. चुन्याच्या डबीमागून करंगळीच्या नखाएवढा एक कोळशाचा तुकडा काढला, ठिणगीच्या पेटीत आत, त्याच्या मूळच्या जागी बसवला आणि एका ओढीत इंजिन लावलं.

"मावशी!" मी म्हणाले.

"काय मावशी? जेवाया घातलं न्हवं त्याला? भाकर दिली. इंजिन न्हाई दिलं."

लढाई संपता संपता घाटाखालून, महाडच्या बाजूने, एक माणूस गाडी घेऊन आला. तिथे कुणी भाताची मोठी गिरणी घातली होती, मिस्त्री टिकत नव्हता, आणि भोरात कुणीतरी हिचं नाव सांगितलं होतं. गिरणीशेजारी पक्की खोली देणार होते. खाकरायची गरज नव्हती. बाईच पाहिजे म्हणून सांगून आलेला.

मामंजींनी तिला राहा म्हणून दोन वेळा सांगितलं, सासूबाईंनी तर हातच धरला. "कुनी जा म्हनलंय का तुला?"

"न्हाई ना, वैनी. म्हनून तर जातीय," मावशी म्हणाली. "आजपत्तुर म्या इंजिनामागं हिंडले. ह्ये पैलं इंजिन हाय, जे माज्यामागं आलंय."

किल्ली तिने माझ्या हातात दिली. आशीर्वाद वगैरे काही नाही. "रिंगा दिवाळीला काढून बग," एवढंच. गाडी निघाली. तिचा आख असा करकरत होता, की गुरंसुद्धा माना वर करून बघत होती. मी काठावर उभी राहून रडत होते, त्यात नवल नाही. गाडी वरंधा घाटाच्या वाटेला लागली, चढाशी गेली, आणि थांबली.

मावशीचा विचार फिरला! मी लुगडं गुडघ्यावर धरून धावत सुटले. दोन लेकरांची आई होते तेव्हा. बांधावरून उड्या मारत, वाटेत एकदा सपशेल पडत, "मावशी, मावशी" ओरडत मी चढ गाठला. मावशी गाडीखाली उताणी पडली होती. फक्त पाय बाहेर. गाडीवान बिचारा कासऱ्याशी चाळा करत उभा, आणि खालून सरबत्ती चालली होती: "लाज न्हाई वाटत? बैल न्हाई बोलत म्हून त्येंनी ह्ये ऐकायचं व्हय रं, महाडपत्तुर?"

मी धापा टाकत तिथे उभी राहिले. तिने पाय ओळखले असावेत.

"आलीच हायस, तर त्येलाचा नळा धर," गाडीखालून आवाज आला.

मी गाडीला टांगलेला तेलाचा नळा काढून धरला. तिने आखाला सगळीकडून तेल चोळलं, बाहेर आली, हात माझ्या पदराला पुसले आणि चढून बसली. पुढचं वळण लांब होतं आणि गाडी झाडीत लगेच दिसेनाशी झाली. मी तिथेच कान देऊन उभी राहिले. करकर चालू असती, तर ती घाटाच्या तोंडापर्यंत मला ऐकू आली असती.